'एम.एस्सी. इन पोळ्या': गृहविज्ञानाची हकिकत

स्मरणिका समितीने 'तुझ्या विषयावर काहीतरी लिही' म्हणून दोन महिने तगादा लावला होता आणि मी टाळत होते. शेवटी मला लिहायला बसवलं ते आपल्याच वर्गातल्या एका मित्राने. त्याची भाची पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात जायचं म्हणते आहे. त्याने आपल्या ग्रुपवर विचारलं, "कॉलेजचं नाव आहे ह्यूमन एन्व्हायर्नमेंटल सायन्सेस. म्हणजे पर्यावरण ना? मग विषयांत कपडे आणि आहार कसे काय? कुणाला कळतं का यातलं?"

मला कळतं. अरे, हा तोच विषय, ज्यात मी १९८२ साली एम.एस्सी. झाले तेव्हा तू मला पोस्टकार्ड पाठवलं होतंस. 'एम.एस्सी. इन पोळ्या झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' पोस्टकार्ड हरवलं, वाक्य नाही हरवलं. राग तेव्हाही फारसा आला नव्हता, कारण खरं उत्तर मलाच देता आलं नसतं. आता पन्नास वर्षांनी आपण सगळे भेटतो आहोत, तर ते उत्तर लिहूनच टाकते. थोडं लांबेल. सर आणि बाईंनी सवयीने लाल पेन हातात घेतलं तरी चालेल.

आपली १९७५ ची दहावी, म्हणजे नव्या पद्धतीची पहिलीच तुकडी. अकरावीची शेवटची मुलंही त्याच वर्षी बसली होती. ती गडबड सगळ्यांना आठवत असेल. मला मात्र जास्त आठवतो तो शनिवारचा शिवणाचा तास. मुलं सुतारकामाच्या शेडमध्ये, मुली वरच्या मजल्यावर. धावदोरा, हातशिलाई, साखळी टाका, काजं, आणि वर्षाअखेरीला झबलं. एकदा बाईंनी प्रत्येकीला घरून कापडाच्या चिंध्या आणायला सांगितल्या. मेणबत्ती लावली आणि एकेका चिंधीतला धागा ओढून चिमट्याने ज्योतीत धरला. सुती धागा कागदासारखा जळला, मऊ राख राहिली. लोकरीला आणि रेशमाला केस जळल्याचा वास आला. टेरिलीन जळलंच नाही, आक्रसून वितळलं आणि टोकाला काळा टणक मणी झाला. त्या वर्षी टेरिलीनच्या शर्टाचा काय रुबाब होता! बाई एवढंच म्हणाल्या, "स्टोव्हजवळ असले कपडे घालू नका. अंगाला चिकटतात."

सात वर्षांनी एम.एस्सी.च्या वस्त्रशास्त्र विभागात मी हीच परीक्षा पाहिली, 'ज्वलन चाचणी' या नावाने. जर्नलमध्ये तक्ता होता, निरीक्षण आणि अनुमान होतं. बाकी सगळं तेच.

या विषयाची सुरुवात अमेरिकेत एका रसायनशास्त्रज्ञ बाईपासून धरतात. एलेन स्वॉलो, लग्नानंतर एलेन रिचर्ड्स. १८७० च्या अखेरीस बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तिला प्रवेश दिला. त्या संस्थेतली ती पहिलीच स्त्री. तिच्याकडून फी घेतली नाही. तिला वाटलं, आपली परिस्थिती पाहून सवलत दिली. नंतर कळलं की कुणी हरकत घेतलीच, तर 'ती आमची विद्यार्थिनी नाही' म्हणता यावं, म्हणून ती सोय होती. तिथे तिने प्राध्यापकांचे कागद शिवून दिले, टेबलं पुसली. शिकल्यामुळे बाई बाईपणातून गेली, असं कुणाला म्हणायला मिळू नये म्हणून. १८७३ मध्ये तिला पदवी मिळाली. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नद्या-विहिरींच्या पाण्याचे हजारो नमुने तिच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. सांडपाणी कुठवर पोचलं आहे, हे त्यावरून नकाशावर दाखवता आलं.

मग ती घराकडे वळली. घरातली हवा, पाणी, दुधातली भेसळ, अन्न, भिंतींचा रंग. स्वयंपाकघर हीसुद्धा प्रयोगशाळाच आहे, असं तिचं म्हणणं. यात दोन गोष्टी होत्या असं मला वाटतं. एक म्हणजे तिला ते मनापासून पटलेलं होतं. दुसरी म्हणजे तेव्हाच्या विद्यापीठांत शिकलेल्या बायकांना रसायनशास्त्राच्या विभागात नोकरी मिळत नव्हती. समोरचं दार बंद असेल तर मागच्या दाराने जायचं, आणि मागच्या दाराशी स्वयंपाकघर असतं.

१८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड या गावी तिने काही जणांना जमवलं. यजमान होते मेल्विल ड्युई. हे नाव आपल्या ग्रंथपाल सरांमुळे तुम्हाला ओळखीचं असेल, पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवायची पद्धत त्यांचीच. त्या बैठकीतला एक मोठा विषय होता नाव. या अभ्यासाला म्हणायचं काय? बऱ्याच चर्चेनंतर 'होम इकॉनॉमिक्स' ठरलं. दरवर्षी बैठका होत गेल्या आणि १९०८ मध्ये संघटना स्थापन झाली, अध्यक्ष अर्थात रिचर्ड्स. ड्युईंच्या पद्धतीत ६४० हा आकडा आजही घराचा आहे. ६४१ अन्न, ६४६ शिवण आणि कपडे. शाळेत याल तेव्हा ग्रंथालयात ते कपाट शोधा. आपल्या वेळी त्यात 'रुचिरा' होतं आणि ते कधीच जागेवर नसे, कुणाच्या तरी आईकडे असे.

अमेरिकेतल्या त्या उत्साहात काही चमत्कारिक गोष्टीही झाल्या. कॉर्नेल विद्यापीठात मुलींना घर चालवण्याचा सराव म्हणून एका घरात राहायला लावत आणि त्या घरात खरं मूल असे, अनाथाश्रमातून आणलेलं. मुली आळीपाळीने त्याची आई होत. पहिल्या बाळाचं आडनाव ठेवलं डोमेकॉन, म्हणजे 'डोमेस्टिक इकॉनॉमिक्स' आखडून केलेलं. ही पद्धत जवळजवळ पन्नास वर्षं, १९६९ पर्यंत चालली. आमच्या कॉलेजातही 'गृहव्यवस्थापन निवास' होता. सहा जणींनी तीन आठवडे ठरलेल्या पैशांत घर चालवायचं. मूल नव्हतं, हे नशीब.

आपल्याकडची सुरुवात वेगळ्या वाटेने झाली. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये हिंगण्याला पाच विद्यार्थिनींवर ते सुरू झालं. शिक्षण मातृभाषेतून, आणि विषयांत इतिहासाबरोबर आरोग्यशास्त्र आणि गृहव्यवस्था. सुधारकांतल्याच काही जणांना हे रुचलं नाही. बायकांना वेगळं विद्यापीठ कशाला, वेगळे विषय कशाला, पुरुषांचं तेच त्यांना का नको? हा आक्षेप खोटा नव्हता. पण तेव्हा मुलीला घराबाहेर काढायचं तर बापाला काहीतरी ओळखीचं दाखवावं लागे, आणि 'घरकाम शिकवतो' याला बाप नाही म्हणत नसे. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला लागलं. पुढे त्याच एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय जुहूला निघालं. दिल्लीत १९३२ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पुढाकाराने लेडी आयर्विन कॉलेज उभं राहिलं होतं.

स्वातंत्र्यानंतर बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, १९४९ साली. कुलगुरू हंसाबेन मेहता. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्या कलमातले 'सर्व पुरुष' काढून 'सर्व माणसं' करायला लावलं त्या याच. त्यांच्या विद्यापीठात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा निघाली, आणि ती बसवून द्यायला १९५० मध्ये अमेरिकेहून आल्या फ्लेमी किट्रेल. त्या कृष्णवर्णीय. ज्या काळात त्यांच्या देशात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, त्या काळात त्यांनी कॉर्नेलमधून आहारशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. त्याआधी १९४७ मध्ये त्यांनी आफ्रिकेत लायबेरियात लोकांच्या आहाराची पाहणी केली होती. पोट भरलेलं असतं, पण अन्नात जीवनसत्त्वं आणि प्रथिनं नसतात, म्हणून माणूस उपाशीच राहतो. या 'लपलेल्या भुकेबद्दल' त्या पुढे जन्मभर बोलत राहिल्या. बडोद्याच्या ज्या मुलींना त्यांनी शिकवलं, त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या एका बाईंकडे मी शिकले. म्हणजे मित्रा, तुझ्या भाचीचा आणि माझा विषय असा लांबून नात्यातला आहे.

मराठी माणसाला जवळचं नाव मात्र कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. बी.एस्सी.ला उत्तम गुण घेऊन त्या १९३३ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटींवर घेतलं. वर्षभर नियमित विद्यार्थी म्हणून मान्यता नाही, आणि त्यांच्या असण्याने मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी तिथे दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिज, १९३९ मध्ये पीएच.डी., विषय वनस्पतींतलं सायटोक्रोम सी. परत आल्यावर काही काळ कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, मग लग्नानंतर मुंबईला विज्ञान संस्थेत. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यं, तांदळाचं पीठ, नीरा असली गरिबाच्या घरची आणि रानातली अन्नं तपासली. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ग्राहकांना भेसळ ओळखायला शिकवणाऱ्या चळवळीतही त्या होत्या. एका बहिणीने 'खमंग' लिहिलं, दुसरीने 'आहार-गाथा'. माझ्याकडे दोन्ही शेजारी ठेवलेली आहेत.

कमलाबाईंकडे गृहविज्ञानाची पदवी नव्हती, हे मुद्दाम सांगते. पण आम्ही एम.एस्सी.ला जे शिकत होतो ते पुष्कळसं त्यांच्यासारख्यांच्या कामातून आलेलं होतं. कुन्नूरची ती प्रयोगशाळा मॅक्कॅरिसन या आयरिश डॉक्टरने १९१८ मध्ये बेरीबेरीच्या चौकशीपासून सुरू केली. त्याने उंदरांचे गट करून त्यांना हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचा आहार दिला. शिखांच्या आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट, मद्रासी भाताच्या आहारावरचे सर्वांत किरकोळ, आणि आपला मराठी आहार शिखांच्या आणि पठाणांच्या खालोखाल. हे वर्गात ऐकून आम्ही बाकं वाजवली होती. १९३७ मध्ये तिथूनच एक पुस्तिका निघाली, भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते. १९५८ मध्ये प्रयोगशाळा हैदराबादला गेली, १९६९ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्था झाली आणि १९७१ मध्ये गोपालन आणि सहकाऱ्यांनी ते तक्ते नव्याने तयार केले. आमच्या हातात असायचं ते हे पुस्तक. बाजरी, तुरीची डाळ, शेवग्याचा पाला, सुका बोंबील, प्रत्येकाच्या शंभर ग्रॅममध्ये किती उष्मांक, किती लोह. कॅल्क्युलेटर विभागात एकच होता, आम्ही रात्री पाळ्या लावत असू.

त्या पुस्तकाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. चूक माझीच होती. प्रबंधासाठी मी सिन्नर तालुक्यातल्या एका गावात साठ घरांची आहार पाहणी करत होते. पद्धत अशी: सकाळी तराजू घेऊन घरी जायचं, शिजवण्याआधी पीठ, डाळ, तेल, गूळ तोलायचं आणि घरातल्या माणसांत भागायचं. भागायचं म्हणजे माणशी सारखं नाही. त्याला 'कन्झम्प्शन युनिट' म्हणतात. हलकं काम करणारा पुरुष १, अंगमेहनतीचा १.६, हलकं काम करणारी बाई ०.८, एक ते तीन वर्षांचं मूल ०.४. साठ घरांचे आकडे मांडले, उष्मांक शिफारशीच्या जवळपास आले. मी खुशीत प्रकरण बाईंकडे दिलं. त्यांनी ते दुसऱ्या दिवशी परत केलं. समासात दोनच प्रश्न होते. 'या बायका शेतात काय करतात?' आणि 'जेवताना तू तिथे होतीस का?'

मी नव्हते. पीठ तोलून दहाच्या एसटीने परतत असे. आणि दिवसभर निंदणी करून वर दोन कोसांवरून पाणी आणणाऱ्या बाईला मी 'गृहिणी, हलकं काम, ०.८' असं लिहिलं होतं. अंगमेहनतीच्या बाईला तक्त्यात १.२ आहे. तो मला पाठ होता. पण तिच्या नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, 'ती काय, घरीच असती', आणि मी तेच लिहून घेतलं.

परत गेले. या वेळी वीसच घरं घेतली, पण रात्रीचं शेवटचं ताट उचलेपर्यंत बसले. एका घरी सात भाकऱ्या झाल्या. सासरे, नवरा, दीर, मुलं. सगळ्यांत शेवटी तिने अर्धी भाकरी घेतली, पातेल्यात उरलेली आमटी तिने पुसून घेतली. मी ताट तोलायला मागितलं तेव्हा तिने हसून नुसता तवा दाखवला. "आज भूक नव्हती," म्हणाली. वीसपैकी चौदा घरी असंच 'आज भूक नव्हती' निघालं. पीठ घरात पुरेसं येत होतं, भागाकारही बरोबर होता, फक्त घरात तसं भागलं जात नव्हतं.

त्या दिवाळीला घरी गेले. आईला वजनकाट्यावर उभं केलं. तेव्हाच्या तक्त्यातली 'संदर्भ स्त्री' पंचेचाळीस किलोची होती. आई अडतीस भरली. तिच्या ताटात काय असतं, हे मला वयाच्या बावीस वर्षांपर्यंत सांगता आलं नसतं, आणि मी आहारशास्त्राची विद्यार्थिनी होते.

वस्त्रशास्त्राला होती माझी खोलीतली मैत्रीण. तिचं काम मला आधी सोपं वाटे. ती भिंगाखाली इंचातले उभे-आडवे धागे मोजायची, कापड धुवून रंग किती उतरला ते पाच पायऱ्यांच्या करड्या पट्टीशी ताडून पाहायची. सुताचा नंबर म्हणजे काय, हे तिच्याकडून कळलं. एका पौंडात आठशेचाळीस यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो नंबर, म्हणून नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. माटुंग्याला १९२४ पासून कापसाची सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथे तिच्या फेऱ्या चालत. प्रबंधासाठी तिने दोनशे मुलींची मापं घेतली. तयार कपडे परदेशी मापांच्या तक्त्यांवरून शिवलेले, त्यामुळे खांद्याला बसले तर बाही लोंबते, कंबरेला बसले तर छातीला आवळतात. मुलींना वाटे आपलंच अंग बेढब. भारतीयांच्या मापांचा स्वतःचा तक्ता व्हावा म्हणून 'निफ्ट'ने सहा शहरांत पंचवीस हजारांवर माणसं स्कॅनरने मोजायचा प्रकल्प जाहीर केला, तो २०१८ मध्ये. ती टेप घेऊन उभी होती त्याला तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती.

आपण दहावी झालो त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ ला, देशात तेहतीस ठिकाणी अंगणवाडी योजना सुरू झाली. आमच्या बरोबरीच्या कितीतरी मुलींना त्यामुळे प्रकल्प अधिकारी, पर्यवेक्षिका म्हणून नोकऱ्या मिळाल्या. मी शिकवण्याकडे वळले. पस्तीस वर्षं. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, आधीच्या पाहणीपेक्षा जास्त. आमच्या विषयाने काय केलं, असं कुणी विचारलं तर हा आकडा मी लपवत नाही.

नावांचं राहिलं. कॉर्नेलने १९६९ मध्ये 'ह्यूमन इकॉलॉजी' केलं. अमेरिकेच्या त्या जुन्या संघटनेने १९९४ मध्ये 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस'. अलाबामासारख्या ठिकाणी 'ह्यूमन एन्व्हायर्नमेंटल सायन्सेस'. माणसाचं सर्वांत जवळचं पर्यावरण म्हणजे अंगावरचं कापड आणि ताटातलं अन्न, असा त्याचा अर्थ लावायचा. आपल्याकडे परभणीसारख्या कृषी विद्यापीठांत गृहविज्ञानाचं 'सामुदायिक विज्ञान' झालं. प्रत्येक वेळी 'घर' हा शब्द गाळला. कारण मला समजतं. पोस्टकार्ड मलाही आलं होतं. तरी मला ते आवडलेलं नाही. घर गाळण्यापेक्षा शनिवारी मुलांनाही वरच्या मजल्यावर पाठवलं असतं तर बरं झालं असतं. आणि आम्हाला रंधा हातात धरायला मिळाला असता.

मित्रा, भाचीला सांग, जरूर जा. तिकडे संख्याशास्त्र आणि जैवरसायन भरपूर असतं, त्याची तयारी करून जा. आणि तिच्या आईच्या ताटात काय असतं, ते निघण्यापूर्वी एकदा पाहून ठेव म्हणावं.

शिवणाच्या बाई मेळाव्याला येणार आहेत असं समितीकडून कळलं. बाई, माझं झबलं अजून आहे. उजवी बाही उलटी लागली आहे आणि आत तुमच्या अक्षरात दहापैकी चार लिहिले आहेत. ते घेऊन येते.